निंब तोडून ग्रीन कॉरिडॉर करणाऱ्या आमच्या नगरपालिकेला खुले पत्र

मा. नगराध्यक्षा ताई, मा. मुख्याधिकारी साहेब आणि सर्व नगरसेवक भाऊ-ताई, सप्रेम नमस्कार.

स्टेशन रोडच्या निंबांना खिळे ठोकून नोटिसा लावल्यात त्या वाचल्या. रस्ता रुंद होणार, काँक्रीटचा होणार, मधोमध डिव्हायडर, डिव्हायडरमध्ये शोभेची झाडं, आणि ह्या सगळ्याला नाव काय तर ग्रीन कॉरिडॉर. गावात जो एक रस्ता आज खरोखर हिरवा आहे तो आधी बोडका करायचा आणि मग त्याला ग्रीन म्हणायचं, हे काही डोक्यात शिरलं नाही म्हणून हे पत्र. हरकतीचा अर्ज रीतसर दिलाय, पोच माझ्याकडे आहे. पण अर्ज फाइलीत जातो आणि फाइल कपाटात जाते हे तुम्हाला पण माहितीये आणि मला पण, तेव्हा चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या माणसाने वाचलं तरी त्याला आपलीच नगरपालिका वाटेल.

आधी माझं सांगतो. स्टेशन रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांनी 1978 मध्ये टाकलेलं. कूलरच्या मोटारी, पंखे, टुल्लू म्हणजे नळाचं पाणी ओढायचे छोटे पंप, शेतातल्या सबमर्सिबल, सगळ्यांची जळालेली तार काढून नवी भरून देतो. खान्देशात हा धंदा उन्हाळ्यावर चालतो. मार्च लागला की लोकांचे कूलर माळ्यावरून खाली येतात, मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे सरकतो आणि मोटारी जळायला लागतात. म्हणजे खरं बघितलं तर तुम्ही झाडं तोडली की माझा धंदा वाढतो, ऊन जास्त तर कूलर जास्त वेळ चालणार, वाइंडिंग जास्त तापणार, गिऱ्हाईक माझ्याकडे येणार. हे आधीच सांगून ठेवतो, उद्या कोणी म्हणायला नको की ह्याचा ह्यात काही स्वार्थ आहे.

बरं, दुकानासमोर निंब आहे म्हणून मी मे महिन्यात दुपारी शटर उघडं ठेवू शकतो. खेड्यावरून मोटार खांद्यावर घेऊन आलेला शेतकरी तिथेच बसतो, रिक्षावाले तिथेच, रसाची गाडी तिथेच, बँकेत केवायसीला आलेल्या म्हाताऱ्या बायका नंबर येईपर्यंत तिथेच. ह्या रस्त्यावर बसायला पालिकेचा एक बाक नाही, पाणपोई दुकानदारच लावतात, फुकट मिळत होती ती फक्त सावली. आणि आखाजी तुम्हाला सांगायला नको. अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या पोरी निंबाच्या फांदीला झोके बांधतात ती आपल्याकडची आखाजी. आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंनी झाडावरची नोटीस पोराकडून वाचून घेतली आणि मला म्हणाल्या, "आते आखाजीले झोका कोठे बांधाना भो?" मी काय उत्तर देणार. डिव्हायडरमधल्या शोभेच्या झाडाला झोका बांधता येत नाही एवढं मला कळतं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही पर्यावरणासाठी काही करतच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान 2020 पासून सुरू आहे, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं, प्रत्येकाला मार्क, वर स्वच्छ सर्वेक्षणाचे मार्क वेगळे. त्या मार्कांसाठी का होईना गावात कामं झाली. घंटागाडी रोज येते, आधी येत नव्हती. पिवळे बल्ब जाऊन एलईडी आले. पहाटे झाडू मारणाऱ्या बायका थंडी-पाऊस न बघता येतात, त्यांना तर मी हातच जोडतो. भिंतींवर चित्रं काढली, चांगली आहेत, एका भिंतीवर माकड प्लास्टिकची पिशवी कचरापेटीत टाकतंय, पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात. पण साहेब, गाडी अडते ती ह्याच्या पुढे. जे काही केलं ते पाहणी होईपर्यंत आणि फोटो अपलोड होईपर्यंत टिकलं पाहिजे एवढीच त्याची मुदत असते. त्यानंतर त्याला पाणी कोण घालणार, दुरुस्त कोण करणार, बिघडलं तर फोन कोणाला लावायचा, ह्याचं उत्तर पालिकेत कोणाकडेच नसतं. नवी मोटार वाजतगाजत बसवली आणि बेअरिंगला कधी ग्रीसच घातलं नाही तर ती माझ्याकडे येणारच, तसं तुमच्या सगळ्या योजनांचं झालंय.

झाडांपासूनच सुरू करतो कारण नोटीस त्यांचीच आहे.

दरवर्षी 5 जूनला तुमचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम असतो. 5 जूनला आपल्याकडे जमीन तव्यासारखी तापलेली असते, हे शेतकऱ्याच्या कुठल्याही पोराला विचारा. मृग 7 जूनच्या आसपास निघतो आणि खान्देशात भरवशाचा पाऊस पडायला जून अर्धा सरतो, कधी कधी अख्खा जातो. कपाशीसुद्धा कोणी कोरड्यात लावून मोकळा होत नाही, ठिबक असेल तरच हिंमत करतात. आणि आपण मात्र खड्डा खणतो, हातभर रोप ठेवतो, झारीने पाणी घालताना फोटो काढतो, आणि ते रोप पहिल्या पावसाच्या आत वाळून जातं. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप. कॉलेजच्या मागच्या ओपन स्पेसमध्ये तर खड्डे इतके ओळखीचे झालेत की खणायला मजूर पण लागत नाहीत. कागदावर त्या जागेत एव्हाना जंगल असायला पाहिजे. पालिकेच्या बॅनरवर दरवर्षी आकडा असतो, एवढी झाडं लावली. त्यातली किती जगली हा आकडा मी आजपर्यंत एकाही बॅनरवर पाहिलेला नाही.

हे कायद्यात बसत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. नागरी भागातल्या झाडांसाठी आपल्या राज्यात 1975 चा कायदा आहे, त्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड असेल तर ते हेरिटेज म्हणजे वारसा वृक्ष. एखादं झाड तोडायचंच झालं तर त्याचं वय जितकी वर्षं तितकी नवी झाडं लावायची, ती सुद्धा 6 ते 8 फूट उंचीची, त्यांचं जिओ टॅगिंग करायचं आणि 7 वर्षं सांभाळायची. आता मला सांगा, स्टेशन रोडचे निंब वडिलांनी दुकान टाकलं तेव्हाच एका माणसाच्या कवेत मावत नव्हते. म्हणजे ते पन्नाशीच्या पुढचे आहेत हे सांगायला तज्ज्ञ नको. मग नोटिशीत त्यांचं वय का नाही? घेर का नाही? वारसा वृक्ष हा शब्दच का नाही? नुसतं "रस्त्यास अडथळा ठरणारी झाडे" एवढंच लिहिलंय. अडथळा म्हणायचा तर त्याच रस्त्यावर पक्की अतिक्रमणं आहेत, दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि एक बंद पडलेली कमान आहे, त्यांच्यावर नोटीस चिकटवलेली दिसली नाही.

आणि बदल्यात लावायच्या झाडांसाठी 7 वर्षं पाणी कोण घालणार? टेंडरमध्ये रोपं आहेत, ट्री गार्ड आहेत, ट्री गार्डवर नाव रंगवायचा खर्च पण आहे असं ऐकतो. पाण्याच्या टँकरचं काय?

डिव्हायडरमध्ये काय लावणार ते पण सांगून टाका एकदा. बायपासच्या डिव्हायडरमध्ये तुम्ही कोनोकार्पस लावलाय, भराभर वाढतो, हिरवागार दिसतो, जनावर तोंड लावत नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टरला सोपं जातं. शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, मुळं पाइपलाइन आणि केबलमध्ये घुसतात आणि परागकणांनी सर्दी-खोकला, दम्याचा त्रास होतो म्हणून. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, म्हणजे एकाच प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला हे झाड चालत नाही आणि दुसऱ्या टोकाला चालतं असं काही आहे का? आपल्याकडे निंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, उंबर ही झाडं 45 डिग्रीत स्वतःच्या हिमतीवर उभी राहतात. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घाला, मग ती तुम्हाला काही मागत नाहीत. पण तेवढं पहिली दोन-तीन वर्षंच आपल्याला जमत नाही.

जी झाडं उभी आहेत त्यांना तरी नीट जगू द्यायचं होतं. बाजारपेठेत पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा निंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट घातलं, बोटभर माती दिसत नाही. झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी ठेवा असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात 2013 लाच सांगितलंय. आपल्याकडे एक वीत पण सोडली नाही. त्यातली दोन झाडं वरून वाळत चाललीत, ती पडली की तुम्ही म्हणणार धोकादायक झाड होतं म्हणून काढलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा पाल्याचे ढीग बुंध्याशीच पेटवून देतात, साल भाजून काळी झालीय, कोणीही जाऊन बघा. ज्या बायका झाडतात त्यांना दोष देत नाही, पाला न्यायला गाडी नाही आणि टाकायला जागा दिलेली नाही, मग त्या काय करणार.

आणि हे सगळं फुकटात मागत नाही आम्ही. घरपट्टीच्या बिलात वृक्ष कर नावाची एक ओळ असते. मी दुकानाचा पण भरतो, घराचा पण. गावातल्या प्रत्येकाने आपलं बिल काढून बघा. हा पैसा किती जमतो आणि कशावर जातो हे पालिकेच्या फलकावर कधी लागलेलं मी तरी पाहिलं नाही.

दुसरं, कचरा. ह्याच्यावर फार लांबवत नाही, सगळ्यांना वास येतोच. 2016 च्या नियमांपासून ओला आणि सुका वेगळा द्यायचा, आम्ही देतो, आमच्या घरात दोन डबे आहेत. घंटागाडीत पण दोन कप्पे आहेत. डेपोवर मात्र दोन्ही एकाच ढिगावर पडतं, माझ्या गिऱ्हाइकाचं शेत डेपोला लागून आहे, त्याची मोटार बसवायला जातो तेव्हा समोरच दिसतं. उन्हाळ्यात तो ढीग आतून पेटतो, रात्री धूर आजूबाजूच्या कॉलन्यांमध्ये येतो. भाजीबाजाराच्या मागे खताचे हौद बांधलेत, पाहणीच्या वेळी त्यात छान पाला होता. आता त्यात केळीच्या घडांचे दांडे, चपला आणि गुटख्याच्या पुड्या एकत्र आहेत. शासनाने शहरांच्या खताला हरित महासिटी कंपोस्ट म्हणून ब्रँड काढून दिला 2017 पासून, आपला केळीचा आणि कपाशीचा पट्टा, खताला गिऱ्हाईक शोधायला कुठे जायला नको, शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन येईल. पण त्याला काच आणि प्लास्टिक निघणारं खत नकोय. दुसरं काही नाही, तिथे एक माणूस कायम लागतो जो ढीग पलटेल आणि ओलावा बघेल.

प्लास्टिक बंदी राज्यात 2018 ला आली. 120 मायक्रॉनच्या खालच्या पिशव्या देशभर बंद आहेत. पथक निघतं ते भाजीवाल्या मावशीकडे जातं आणि तिला 5 हजाराची पावती फाडायची भीती दाखवतं. ती पिशवी तिने घरी बनवलीय का? गावात होलसेलवाले कोण आहेत हे शेंबड्या पोराला पण माहिती आहे. आणि पालिकेच्याच कार्यक्रमात पाहुण्यांसमोर पाण्याच्या छोट्या बाटल्या, नाश्त्याला चंदेरी प्लेटा, मग लोकांना काय शिकवणार. हिवाळ्यात भरीत पार्ट्या होतात शेतांमध्ये, तिथे आता लोक केळीच्या पानावर वाढायला लागलेत परत, कोणी फतवा काढला नव्हता.

तिसरा मुद्दा माझ्या धंद्यातला, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आपल्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, कधी दहाव्या. पाणी आलं की सगळी गल्ली टुल्लू लावते, ज्याचा टुल्लू मोठा त्याला पाणी जास्त. ते टुल्लू जळले की माझ्याकडे येतात, त्यामुळे कुठल्या गल्लीत दाब नाही हे मला पाणीपुरवठा विभागाच्या आधी कळतं. बोअरचं पण तेच. आधी कमी स्टेजच्या पंपात काम भागायचं, आता लोक जास्त स्टेजचा पंप मागतात कारण पाणी खाली गेलंय. यावल-रावेरकडे भूजलाचा उपसा किती झालाय ते सरकारच सांगतं. वर सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचं पाणी जमिनीत जिरवायची मेगा रिचार्ज योजना, त्यासाठी मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार झाला. चांगलं आहे. पण इथे खाली पालिकेच्या स्वतःच्या इमारतीच्या गच्चीचं पाणी पाइपाने सरळ गटारीत सोडलंय. बांधकाम परवानगीला 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे, परवानगीच्या वेळी नकाशात खड्डा दाखवतात, नंतर तो खड्डा कोणी बघायला येत नाही. आमच्या रस्त्यावरच्या कॉम्प्लेक्समध्ये त्या खड्ड्यावर जनरेटर ठेवलाय.

पाणीपुरवठ्याच्या मोटारींबद्दल एक सांगतो, आमच्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो. मोटार पुन्हा पुन्हा भरत राहिलं की ती कंपनीतून आलेल्या मोटारीइतकं काम तेवढ्याच विजेत देत नाही. दोन-तीनदा भरलेल्या मोठ्या मोटारी वर्षानुवर्षं चालवणं म्हणजे दर महिन्याला बिलात पैसे ओतणं. पॅनलमधला कपॅसिटर उडाला की पॉवर फॅक्टर पडतो, म्हणजे घेतलेल्या विजेचा पूर्ण उपयोग होत नाही, आणि बिल आणखी फुगतं. कपॅसिटर किती रुपयांचा असतो आणि बिल किती लाखांचं असतं हे बघा एकदा. त्यासाठी फार मोठा एनर्जी ऑडिट नको, एक वायरमन आणि एक मीटर पुरतो. एलईडी लावले त्याचं मी वर कौतुक केलंच, पण आमच्या भागातले एलईडी दुपारी 12 ला सुरू असतात कारण टायमर बिघडलाय. सूर्य डोक्यावर, 45 डिग्री ऊन आणि खाली पालिकेचा दिवा लागलेला. तक्रार केली, सांगितलं कंपनीकडे मेंटेनन्स आहे. कंपनीला फोन केला, सांगितलं मुदत संपली. पालिकेच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवलेत त्यांच्यावर धुळीचा थर आहे, आपल्या गावात फुफाटा किती उडतो, पंधरा दिवसांनी एकदा फडक्याने पुसले तरी वीज वाढेल. ते पुसायचं काम कोणाचं ते ठरलेलंच नाही. अग्नी तत्त्वाचे, म्हणजे ऊर्जेचे मार्क मात्र पॅनल बसवल्याच्या दिवशीच मिळून गेले.

नदीबद्दल थोडंच. दिवाळीनंतर आपल्या नदीत जे वाहतं ते गावाच्या गटारीचं पाणी, आणि ते पुढे तापीला जातं. तिच्या काठावर सुशोभीकरण करायचा ठराव झालाय असं कळलं, भिंत, जॉगिंग ट्रॅक, लायटिंग. आधी गटारी बंद करा. आणि भिंत घालून पात्र अरुंद करताना 31 ऑगस्ट 2021 चा चाळीसगावचा पूर आठवा, तितूर आणि डोंगरी नदी बाजारपेठेत शिरली होती. गणपतीला तुम्ही कृत्रिम हौद केला, लोकांनी तिथे विसर्जन केलं, फार चांगलं झालं. मग रात्री त्याच मूर्ती ट्रॅक्टरने नदीत गेल्या. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला बायका त्याच पाण्यात उतरतात, त्यांना विचारा पाय कशात पडतो.

आता कोणी म्हणेल लहान गाव, पैसा कमी, माणसं कमी. मान्य. पण आपल्याच भागात बघा. पांझरेच्या काठी शेतीचं पाणी वाटून घ्यायची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा, पाट, आणि त्या पाटावर गावाने नेमलेली माणसं, पाटकरी, जागल्या, हवालदार. पाटात गाळ साचला तर कोणाला विचारायचं हे सगळ्यांना माहिती होतं, शेतकरी त्याला पदरचं धान्य-पैसा देत होते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने उजाड डोंगरावर शेकडो हेक्टर जंगल परत उभं केलं, ते काम पुढे नेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे गावाने तोड बंद केली, नियम मोडला की दंड, आणि राखायला गावातलीच माणसं. ह्यात कुठेही मोठं टेंडर नव्हतं. ह्या दोन्ही ठिकाणी राखणीचा माणूस ठरलेला होता, तेवढंच मला आपल्या पालिकेकडून हवंय.

प्रशासकाच्या काळात आम्ही ऐकायचो, लोकनियुक्त बॉडी नाही, कोणाला विचारणार. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, तुम्ही सगळे निवडून आलात, प्रत्येकाच्या जाहीरनाम्यात हरित शहर होतंच, मी सगळे जपून ठेवलेत. पर्यावरण आणि नागरी वनीकरण हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे पालिकांचाच विषय आहे. म्हणून आता तुम्हालाच मागतो.

स्टेशन रोडची तोड ताबडतोब थांबवा. प्रत्येक झाडाचा घेर मोजून वय काढा, पन्नाशीच्या वरची वारसा वृक्ष म्हणून जाहीर करा आणि मग वृक्ष प्राधिकरणाची बैठक रस्त्यावरच घ्या, दुकानदार आणि रहिवाशांसमोर. रस्ता व्हायला आमची ना नाही. अतिक्रमणं काढून, ट्रान्सफॉर्मर सरकवून, गटार झाडांच्या मागून नेऊन रस्ता बसतो का ते इंजिनिअर साहेबांनी आखून दाखवावं. डिव्हायडरची गरज आहे का हे पण विचारा, ह्या रस्त्यावर ट्रॅफिक जाम होतो तो पार्किंगने. खरंच एखादं झाड वाचतच नसेल तर तसं लेखी सांगा, आम्ही अडून बसणार नाही, पण त्याच्या बदल्यातली झाडं आधी लावून जगवून दाखवा.

उभ्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटर फोडा, हे पावसाआधी होऊ शकतं, एका आठवड्याचं काम आहे. पाला जाळणं बंद करा, त्यासाठी वॉर्डात एक जागा द्या.

वृक्षारोपणाची तारीख 5 जून सोडून पाऊस बसल्यावर घ्या, आणि 5 जूनला वेगळाच कार्यक्रम करा, मागच्या वर्षी लावलेल्यातली किती झाडं जिवंत आहेत त्याची यादी वॉर्डप्रमाणे पालिकेच्या दारावर लावा. झाड मेलं असेल तर मेलं लिहा, आम्ही शिव्या देणार नाही. कॉन्ट्रॅक्टरचं बिल रोप लावल्यावर पूर्ण देऊ नका, अर्धं तिसऱ्या वर्षी जगलेल्या झाडांवर द्या. कोनोकार्पस नको. पालिकेची नर्सरी बंद पडलीय ती सुरू करा, बचत गटाच्या बायकांना द्या, निंब-करंजाच्या बिया गावात फुकट पडतात.

वृक्ष कर किती गोळा झाला आणि कुठे खर्च झाला ते गेल्या पाच वर्षांचं जाहीर करा. माहिती अधिकारात मागायला लावू नका, हे तुम्ही आपणहून सांगायचंच आहे. झाडं, कचरा डेपो, दिवे, पाण्याच्या मोटारी, प्रत्येकासाठी एका कर्मचाऱ्याचं नाव आणि फोन नंबर पालिकेच्या फलकावर लिहा, आणि येणाऱ्या बजेटमध्ये प्रत्येक नव्या कामासमोर त्याच्या देखभालीची रक्कम दाखवा. रक्कम नसेल तर ते काम करू नका. टायमर आणि कपॅसिटर मी स्वतः येऊन बघून देतो, मजुरी घेणार नाही, सामानाचं बिल पालिकेने द्यावं. ह्याला कोणी जाहिरात म्हणत असेल तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, पण करा.

उत्तर लेखी हवंय, पालिकेच्या पुढच्या सभेआधी.

आणि गावातल्या लोकांसाठी. हरकतीची मुदत संपायच्या आत आपापला अर्ज द्या, एकाच अर्जावर शंभर सह्या केल्या तर ती एकच हरकत धरतात असा अनुभव आहे. अर्जाचा नमुना दुकानात झेरॉक्स काढून ठेवलाय, नाव, पत्ता, घरपट्टीचा खाते नंबर टाका, कुठल्या झाडाबद्दल आहे ते लिहा, आवक विभागात देऊन शिक्का आणि आवक नंबर असलेली पोच घ्या. जेवणाची सुट्टी आहे, साहेब मीटिंगला गेलेत, असं सांगतील, तरी पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आपला,
स्टेशन रोडचा एक मोटार रिवाइंडिंगवाला